डबीचं माप

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी
दात घासता घासता, तोंडात फेस धरून
अझेनोरला आठवतं :
उद्या वर्गात केक न्यायचाय.
कोणी? मी.
बाईंनी कधी सांगितलं? सोमवारी.
आज गुरुवार.

दुआर्ननेतली दुकानं सातलाच डोळे मिटतात.
बंदरावरचा बार तेवढा जागा,
पण तिथे केक मिळत नाही
आणि जे मिळतं ते शाळेत चालत नाही.
दिवसभर सार्डिनची मुंडकी उडवून आलेय मी,
उद्या पाचला पुन्हा त्याच पट्ट्यासमोर.
तांगी समुद्रावर. त्याला फोन करून
काय सांगणार, अंडी फेटायला ये?

वजनकाट्याची बॅटरी मार्चपासून मेलेली.
काही बिघडत नाही.
या केकला काटा लागत नाही,
अक्कलही बेताचीच पुरते.
दह्याची एक डबी फोडायची,
दही पातेल्यात उपडं करायचं,
मग तीच रिकामी डबी
बाकीच्यांचा न्याय करते :
साखर दोन डब्या, मैदा तीन,
तेल अर्धी, तेही डोळ्यांनीच.
इथली पोरं आकडे गिरवण्याआधी
हे मोजायला शिकतात.
मीही अशीच शिकले, स्टुलावर उभी राहून,
आणि तीनच्या पुढचं गणित
मला अजूनही फारसं पटलेलं नाही.

अंडी तीन.
फ्रीजमध्ये दोन.

अझेनोर पायजम्यातच खालच्या मजल्यावर जाते
आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत
पेटता दिवा आणावा तसं अंडं आणते.
"मादाम केर्वेला म्हणाल्या,
उसनं आहे, फुकट नाही."

लिंबू एकच.
साल किसून पिठात,
उरलेलं माझ्या बोटांना :
चोळते, नखांच्या कडा, मनगटं,
तरी मासळी जात नाही पुरती.
खाली थोडी राहतेच, माझ्या नावासारखी.
बेकिंग पावडरची पुडी फाडून झटकली.
टिनाला लोणी, मिठाचं;
बिनमिठाचं आम्ही घरात ठेवत नाही.
गाठी राहिल्या पिठात. राहू देत.
ओव्हनला सांगितलं, तू बघ.

म्हणतात ना, वेळ मारून न्यायची.
मी तेच करायला निघाले होते.
पण ओव्हनचं दार लागलं
आणि वेळ जिवंतच निघाली :
पस्तीस मिनिटं, अख्खी, माझ्या पुढ्यात,
कोणी मागत नाही, कुठे पोचायचं नाही,
दार उघडलं तर केक बसेल
म्हणून काही करायचंही नाही.
या घरात मला असं शेवटचं कधी
कोणी बजावलं होतं, काही करू नकोस?

फरशीवर बसले.
काचेतल्या पिवळ्या उजेडात
कडा आधी फुगल्या, मग मध्य,
मग वर एक चीर पडली,
डावीकडे जरा वाकडी; ओव्हन तिकडे तापट आहे.
अझेनोर माझ्या मांडीवर कधीच झोपली होती,
ओठांवर टूथपेस्टचा पांढरा डाग.
तिला उचलून न्यायला हवं होतं.
नेलं नाही. घंटा वाजेपर्यंत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी टिन परत आला,
चाटूनपुसून स्वच्छ,
आणि दप्तराच्या तळाशी कागदी रुमालात
एक चेपलेला तुकडा.
मी हात पुढे केला.

"तुझा नाही," ती म्हणाली,
"अंड्याचा आहे,"
आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

रुमाल मात्र टेबलावर राहिला होता.
मी तो उलगडला,
ओल्या बोटाने एकेक कण टिपला.
लिंबू बरं लागलं होतं.
मीठही.