शिल्लक वजन

हेल्वे रौडसेपनं किल्ल्या दिल्या तेव्हा
नोंदवहीही दिली: निळी कापडी बांधणी,
कोपऱ्यावर चहाचा जुना डाग.
तार्तूत त्या दिवशी उणे एकोणीस होतं.
"कपाटं घट्ट लाव," म्हणाली, "दमटपणानं यांना गंज चढतो.
आभाळातलं झालं तरी शेवटी लोखंडच."

तिच्या आडनावाचा अर्थ लोहार.
सहलीला आलेली पोरं ओरडून सांगायची,
ती नुसती मान हलवायची.

एकोणचाळीस वर्षं लोक तिच्या टेबलावर दगड ठेवत गेले
टोपीतून, लोकरी मोज्यातून, एकदा पावाच्या डब्यातून.
भट्टीतली मळी. नांगराचा फाळ. युद्धातल्या बॉम्बची कपची.
ती कानस मारायची, चुंबक धरायची
आणि "नाही" म्हणायची, इतकं हळू
की माणूस आपला दगड परत नेताना
आणला होता त्याहून जपून न्यायचा.

"हो" एकदाच.
सारेमा बेटावरची लेइदा म्हातारी
कोबीच्या पिंपावर दाब म्हणून ठेवायचा धोंडा घेऊन आली,
तीन पिढ्यांच्या खारात मुरलेला.
कापला, तर पोटात निकेल,
आणि मोहरीएवढे गोल दाणे, पृथ्वीहून जुने.
म्हातारी म्हणाली, "ते असू दे. कोबीवर आता काय ठेवू?"
हेल्वेनं अंगणातला ग्रॅनाइट दिला,
तोलून, तेवढाच.

वहीतला शेवटचा रकाना: शिल्लक वजन.
दगड कळायचा तर तो थोडा संपवावा लागतो,
खलात कुटून, आम्लात विरघळवून.
अठ्ठ्याहत्तर साली उणे शून्य पॉइंट चार ग्रॅम.
पंच्याऐंशीत उणे तीन दशांश.
पुढे रशियन अक्षरं संपतात, एस्टोनियन सुरू होतात,
देश बदलतो, शाई बदलते,
वजाबाकीचं वळण तेच.

मी एका रात्री बेरीज मांडली.
सगळे दगड मिळून अकरा ग्रॅम.
अख्ख्या नोकरीत तिनं जगातून एवढंच कमी केलं.
चमचाभर मीठ याहून फार कमी नसेल.

काल पहिल्यांदा मीच करवत लावली.
पातं तापलं, पाणी काळं झालं,
आणि लेइदाच्या दगडातून
आंबट कोबीचा वास आला.

वहीत त्या पानाच्या समासात
तिची बारीक पेन्सिल:
"सोडियम धरू नये.
ते आकाशातलं नाही, लेइदाचं आहे."