टोंगरा

फॉर्मवर छापलंय : गुडघा, उजवा.
गिरजाबाई हेडाऊ, वय एकसष्ट, म्हणाल्या,
“गुडघा नाई बाप्पा, टोंगरा.”
मी फॉर्म तसाच ठेवला.

तुमसरात हे यंत्र येऊन अकरा महिने झाले.
राइस मिलच्या मागं, जिथं कोंड्याचा ढीग असायचा,
तिथं आता एक चुंबक राहतं.
लाइन गेली, गाव झोपलं,
तरी ते जागंच असतं.

प्रश्न विचारावे लागतात.
छातीत मशीन? पोटात क्लिप?
डोळ्यात कधी लोखंडाचा कण?
हा शेवटचा मी सावकाश विचारतो,
माझे वडील मँगनीजच्या खाणीत होते.
“डोऱ्यात सूत गेलं असंल,” त्या म्हणाल्या,
“तेही कोशाचं.”

जोडवं निघेना.
चांदीला चुंबक विचारत नाही, पण नियम आहे.
साबण झाला, खोबरेल झालं.
मग त्यांनीच पिशवीतून धागा काढला,
बोटाभोवती गुंडाळला, वेढ्याला वेढा लावून,
एकावर एक न चढवता,
आणि टोक धरून उलगडत गेल्या.
जोडवं वळणावळणानं खाली आलं
बेचाळीस वर्षांनी.
त्याखालचा कातडीचा पांढरा पट्टा
त्या बघतच राहिल्या,
दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

पाय आत, डोकं बाहेर. कानात कापूस.
“आवाज होईल मोठा. हलायचं नाही.”
“आवाजाचं मले काय सांगता जी.”

टक टक टक टक घर्र.
टक टक टक टक घर्र.
पडद्यावर हाड आलं, पण त्याची कड
एकदा, दोनदा, पाचदा,
बाजूबाजूला सरकत गेलेली.
काचेतून पाहिलं :
उजवी टाच टक-ला दाबत होती,
घर्र-ला सोडत होती.
डोळे मिटलेले.
खड्ड्यातल्या मागावर बसून
चाळीस वर्षं पावडी मारलेली टाच,
तिला कोण सांगणार
की हा माग नाही.

वाळूची पिशवी ठेवली. तीही हलायला लागली.
मग सुनेला, तारकाला, पिना-बांगड्या काढून आत उभं केलं.
“पाय धरून ठेवा.”
तिनं धरला. दोन्ही हातांनी.
आधी कधी धरला होता की नाही,
मला काय माहीत.

आता चित्र स्वच्छ.
बाहेरच्या बाजूला कूर्चा करडी, सलग.
आतल्या बाजूला विरत गेलेली,
आणि एका जागी नाहीच,
तिथं नुसतं पाणी, पांढरंशुभ्र.
कूर्चेला रक्त नसतं, म्हणून ती भरून येत नाही.
तिला नसही नसते.
झिजताना ती कळवत नाही,
बोंब मारतं ते खालचं हाड, फार उशिरा.

रिपोर्ट रात्री नागपूरचे डॉक्टर लिहितात.
मी काही बोलायचं नसतं.
“किती उरलं?” त्यांनी विचारलं.
“जिथं आहे, तिथं दीड मिलिमीटर.”
त्यांनी अंगठा आणि तर्जनी जवळ आणली,
मधलं काहीतरी चोळून पाहिलं.
“म्हंजे दहाएक पदर,” म्हणाल्या,
“मंग अजून एक धोतर निघते.”
तारका हसली नाही.

जाता जाता पडद्याशी थांबल्या.
बिघडलेलं पहिलं चित्र अजून तिथंच होतं,
हाडाची कड, पुन्हा कड, पुन्हा कड.
“हे करवतकाठी कोणाची?”
मी म्हटलं, तुमचीच, पाय हलला त्याची.
त्यांनी चश्मा वर केला.
“दात सारखे नाई पडले.”

जोडवं टेबलावरच विसरल्या,
धाग्यासकट.
संध्याकाळी फोन केला. सून म्हणाली,
“राहू द्या म्हणते. बुधवारी बाजाराला येऊ तवा पाहू.”
दोन बुधवार गेले.
ड्रॉवरमध्ये आहे.