वाफेची चावी

आठ दिवस दूध थंडच.
चावी अर्ध्या फेऱ्यात अडायची, मग एकदम सुटायची:
फेस कपाबाहेर, माझ्या मनगटावर चट्टा.

भूपालअण्णा आले, साखर कारखान्याच्या बॉयलरवर
एकतीस गळीत हंगाम काढलेले.
'ह्यो बॉयलर व्हय?' म्हणाले, आणि चष्मा पुसला.
आधी प्लग काढला. उरलीसुरली वाफ सोडून दिली.
'गार हुईस्तवर हात लावायचा न्हाई. हिला न् कुणालाच.'

मग स्पिंडल बाहेर. आट्यांत
मेणासारखं आळलेलं ग्रीस, पांढरा क्षार,
आणि मसुराएवढी रबरी कडी, तडकलेली.
तिच्या मापाची गणपती पेठेत मिळाली, सात रुपयांना.
नवं ग्रीस नखभरच. 'जास्त लावलंस तर परत चिकटंल.'

मशीन तापलं. अण्णांनी डोळे मिटून
चावी दोन बोटांनी फिरवली.
'आता सरळ बोलतीया.'

मी कप पुढे केला.
विश्रामबागेत रस्त्यावरचे दिवे लागले होते.
'दिवस मावळला की रं. आता पाणीसुदिक न्हाई.'

माझी मी प्यालो, त्यांचीही.

सकाळी सातला बेल.
दारात अण्णा, कपाळावर गंध अजून ओलं,
'बघू, किती कडू करतोस.'