तुरीचं तास

पाळकसाहेब म्हणाले, शांतवन, तुम्हीच वाचा,
तुमचा आवाज मोठा आहे.
बोरखेडीच्या चर्चात आम्ही सातजण,
वर टिनं उन्हानं कडकडत होती,
आणि आमोस बाहेर, निंबाखाली,
घंटेच्या दोराला नवी गाठ मारत बसलेला,
जशी सभा दुसऱ्याच कुणाची आहे.

प्रश्न एवढाच होता :
दिग्रसला तो ज्याच्यासोबत राहतो
त्या गॅरेजवाल्या पोराबद्दल त्यानं आईला खरं सांगितलं,
आईनं बहिणीला, बहिणीनं हापशीवर.
आता येत्या रविवारी
त्याच्या हाती प्याला द्यायचा की नाही.

मी चष्मा लावला. पानं एकमेकांना चिकटलेली.
नियमशास्त्राच्या ह्या भागात आम्ही फारसे येत नाही,
कुणाला बाहेर काढायचं असलं तरच येतो.
बोट जिथं पडायचं तिथं न पडता
एक पान पुढं पडलं.
तिथं होतं, एका शेतात दोन जातींचं बी नको,
अंगावर दोन जातींच्या धाग्यांचं कापड नको.

मी गप्प झालो.
माझ्या वावरात सहा तासं पऱ्हाटीची, मग एक तुरीचं,
बापाच्या बापापासून.
त्याच तुरीच्या शेंगा कापणीच्या सणाला
मी वेदीपुढं ठेवतो,
पाळकसाहेब त्यांवर हात धरून प्रार्थना करतात,
लिलावात सरपंचाची बायको घेऊन जाते.
आणि अंगातला सदरा, टेरिकॉटचा.

"काहून थांबला बाप्पा?" एलीशा मास्तर म्हणाले.
मी होतं ते वाचून दाखवलं.
मास्तर हसले नाहीत.
बी-बियाण्याचे नियम सावली होते, म्हणाले, सावली सरली.
देहाचे नियम खडक आहेत,
प्रेषितांनीही ते पुन्हा सांगितले.
मला उत्तर सुचलं नाही.
सोयीचं बोलणारा माणूस नाही तो.
स्वतःचा मुलगा दारूत गेला तेव्हा
मंडळीच्या यादीतून त्याचं नाव
मास्तरांनीच खोडलं होतं, स्वतःच्या पेनानं.

फक्त विचारलं, मास्तर,
सावली कुठं संपते आणि खडक कुठं लागतो,
ही रेघ कोणी मारली?

बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग मागच्या बाकावरून रुदाबाई :
"तबीथाच्या वक्ती आपणच मारली होती ना."

तबीथा माझी बायको.
तिचा पहिला नवरा जिवंत आहे, कारंज्याला,
दुसऱ्या संसारात बरा आहे म्हणतात.
प्रभू स्वतः त्याबद्दल जे बोलला ते कठोर आहे,
मोशेहून कठोर,
आणि कुठल्याच सावलीत बसत नाही.
तरी वीस वर्षांपूर्वी ह्याच बाकांवर
ही माणसं आमच्यासाठी वचन शोधत बसली,
रात्री दोनपर्यंत,
एक कंदील विझला तर दुसरा आणला.
शोधलं की सापडतंच, असं मी म्हणत नाही.
म्हणतो, आमच्यासाठी ते शोधायला बसले होते.
मास्तरही. कंदील त्यांच्याच घरचा होता.

हे मी सभेत बोललो नाही.
घसा कोरडा पडला होता, मोठ्या आवाजाचा.

ठराव झाला नाही.
पाळकसाहेबांनी वही मिटली,
वरिष्ठांना पत्र लिहू म्हणाले.
ज्या वचनासाठी पुस्तक उघडलं होतं
ते तसंच राहिलं, एक पान मागं, न वाचलेलं,
पण सगळ्यांना पाठ.

बाहेर आमोसनं काही विचारलं नाही.
काका, दोर ओढून पाहा, म्हणाला,
गाठ टिकते का.
मी ओढला. भलत्याच वेळी घंटा वाजली
आणि दोन-तीन घरांतून माणसं दाराशी आली,
कोण गेलं म्हणून.

कोणी नाही, मी ओरडलो.
अजून तरी कोणी नाही.