दगड : दोन दिवस

गाडी जमिनीपासून पाच इंच वर.
माझगावच्या गॅरेजात एलायसनं फुटपट्टी लावून दाखवलं,
मग तीच माझ्याकडे रोखून म्हणाला,
"बाई, भामरागडचे दगड सहा इंचांपासून सुरू होतात."

एमजी मिजेट, चौसष्ट सालची.
रंग लाल, म्हणजे कुणी विचारलं तर लाल.
पगाराच्या थकबाकीतून घेतली तेव्हा
सासूबाई म्हणाल्या होत्या, यात कुटुंब कसं मावायचं.
मावलं नाही. कुटुंब बेस्टनं फिरलं.

कुलाब्याच्या वेधशाळेत एकतीस वर्षं मी
हवेचा दाब वहीत उतरवला,
म्हणून तारीख तेवढी माझी: फेब्रुवारीचा दुसरा आठवडा.
इंद्रावती उतरलेली, मोह फुलायचा आहे,
आणि वाऱ्याला अजून कुठे जायची घाई नाही.

बाकी सगळं पद्माकर ठरवतो.
जेवणाच्या टेबलावर नकाशाचे चार तुकडे,
सांध्यांवर चिकटपट्टी. वाशीम नेमकं पट्टीखाली गेलंय.
"वाशीमला थांबायचं नाही," म्हणतो, "दिसत नाही."
टाकी सत्तावीस लिटरची. सपाटीला अकराचं अ‍ॅव्हरेज,
घाटात नऊ, "आणि तुझा पाय बघता आठ धर."
कसाऱ्याला पाणी उकळणार हे त्यानं गृहीतच धरलंय.
वहीत वीस मिनिटं वेगळी काढलीत:
इंजिन निवणे. शेंगदाण्याचे लाडू.
शेवटचा पंप आलापल्लीला. तिथून पुढे साग,
आणि पेट्रोलचा वीस लिटरचा पत्र्याचा डबा.

डबा कुठे ठेवायचा यात तीन संध्याकाळी गेल्या.
डिकीत स्टेपनी, जॅक, टॉमी, दोरखंड.
मागे सीट नाहीच, छत्री कशीबशी आडवी राहते.
उरली डावीकडची जागा.
तिच्याबद्दल आम्ही बोलत नव्हतो.

पद्माकरचा नवा गुडघा चांगला आहे.
नव्वद अंशांत वळतो.
मिजेटला त्याहून जास्त लागतात.
दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी, एलायस
आणि वॉचमन सुखदेव, तिघांनी त्याला आत बसवू पाहिलं.
आधी पाय, मग डोकं. आधी डोकं, मग पाय.
दारसुद्धा काढून झालं.
शेवटी अर्धा आत, अर्धा बाहेर,
हँडब्रेकवर कोपर टेकून तो समोर बघत राहिला.
समोर सोसायटीची पाण्याची टाकी.
"दृश्य चांगलं आहे," म्हणाला. "आता काढा मला."

त्याच रात्री वहीत नोंद:
डबा डाव्या सीटवर. खाली गोणपाट, वरून पट्टा.
वजन एकोणीस किलो. माझ्यापेक्षा कमी बोलेल.

तेव्हापासून तो सुटे भाग बांधतोय.
फॅनबेल्ट दोन, पॉइंट, कंडेन्सर, गॅस्केट,
ऑपेरा हाउसच्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला नव्हे,
सोयरिकीला द्यावेत तसे चौकशा करून दिलेले.
प्रत्येक भाग वर्तमानपत्रात, प्रत्येकावर चिठ्ठी.
एकीवर: गाडी खोकली तर हे.
एकीवर: गप्प झाली तर हे, पण आधी चहा पी.
एक पुडकं चपटं आहे, त्यावर काहीच नाही.
मी विचारलं नाही.

झोप मला लागत नाही ती त्या एका इंचामुळे.
परवा अडीच वाजता अंधारात त्याला म्हटलं, दगडांचं काय?
तो जागाच होता.
"दगड दिसला की उतर. उचल. कडेला ठेव. परत बस."
"पासष्ट किलोमीटर?"
दिवा लावला, चश्मा शोधला,
आणि वेळापत्रकात भर घातली: दगड, दोन दिवस.

काल पहाटे चारला चाचणी.
डब्यात पाणी भरून, सीटवर आवळून, फ्रीवेवरून चेंबूरपर्यंत.
शिवडीपासून मी त्या डब्याला
उजवीकडची जहाजं दाखवत होते,
हे चेंबूरला वळताना लक्षात आलं.

परतले तर पद्माकर कंपाउंडात खुर्ची टाकून,
मांडीवर वही, पायांवर शाल.
"तिसऱ्या गिअरला कण्हते," म्हणाला.
"डॉकयार्ड रोडपासून ऐकतोय."
घड्याळात बघून काहीतरी लिहिलं,
आणि मी वाकले तशी
वही मिटली.