शेवटची गाडी साडेनऊची

मिसळीच्या कटानं डागाळलेल्या पेपरात
कोल्हापुरातले शनिवारचे तीन प्रयोग.
हौसाक्का म्हणाली, विनोदी नको,
हसायला पैसं कशाला, घरात दाजी हाईतच की.
दाजींना तलवारी हव्या होत्या.
मला ती कोपऱ्यातली चौकट : दोन बायका, एक खोली.

शेवटी निवड एस.टी.नं केली.
गारगोटीची गाडी साडेनऊला,
म्हणून सहाचा खेळ. नाव तिकिटावर वाचलं.
पडदा वर गेला सातला.

नऊला उठलो, लोकांचे गुडघे ओलांडत.
मागं ती बाई पत्र हातात घेऊन उभी,
अजून न फोडलेलं.

कळंब्यापर्यंत कुणी बोललं नाही.
मग हौसाक्का म्हणाली,
मी तर फोडलंच नसतं.

दाजी खिडकीकडं तोंड करून
तिकिटाची घडी घालत होते,
उलगडत होते.