पांढऱ्यावर पांढरं

मी मॅट्रिक पास, म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे.
पाटण्याहून आलेला पुठ्ठा, त्यावर चार रकाने:
कलाकार, शीर्षक, माध्यम, आकार.

तेतरी काकी पाय पसरून बसलेली,
सुई अंबाड्यात खोचून.
कलाकार, मी विचारलं.
तो कोण?
तू.
काकी इतकी हसली की ठसका लागला.
तीन भावांच्या पाठीवर झाली म्हणून तेतरी.
ते नाव थोडंच आहे, नुसती मोजदाद.

माध्यम?
सासूची विटकी साडी, नवऱ्याची दोन धोतरं,
तो पंजाबला जायच्या आधीची,
आणि मधल्या थराला मच्छरदाणी.
फाटकी. ते नको लिहूस.
मी लिहिलं: जुनं सुती कापड, दोरा.

आकार तिनं वितींत सांगितला.
त्याचे सेंटिमीटर मी केले.

शीर्षकापाशी दोघी अडलो.

आमच्या गावात सुजनी मधे थांबलीच होती.
बाजारात ब्लँकेट आलं, वाघाचं चित्र असलेलं,
आणि बाळंतिणीच्या घरोघर वाघ गेला.
सुजनी उरली म्हातारीच्या उशाखाली,
नाहीतर थंडीत बैलाच्या पाठीवर.
मग जीपमधून संस्थेची बाई आली.
म्हणाली, तुमच्यावर जे गुदरलं ते काढा,
पोपट नकोत.
पहिले सहा महिने सगळ्यांनी पोपटच काढले.

काकीनं बांध काढला.
वरच्या अंगाला, काळ्या साखळीटाक्यात.
बांधावर अकरा माणसं, एक बकरी,
ताडपत्रीखाली आडवी बाई, ती माझी आई,
पायांशी मुनेसरी दाई, हातात ब्लेड.
मी अजून नाही.
एक कोंबडा आहे, जो तेव्हा नव्हता.
जागा उरली म्हणून घातला, काकी म्हणते.

त्याखाली काहीच नाही.
अर्ध्याहून जास्त कापड कोरं.

कोरं कुठाय गं, पाणी आहे ते.

पांढऱ्यावर पांढरा दोरा,
धावदोरा, ओळीला खेटून ओळ,
अगहन, पूस, माघ, फागुन.
माणसं आठ दिवसांत झाली होती.
बाकी सगळा वेळ पाण्याला लागला.

फोटोवाल्यानं तीनदा टिपलं,
तीनदा मान हलवली:
खालचा भाग रिकामा येतोय,
एखादा मासा तरी घालायचा.
काकी म्हणाली, त्या रात्री मासे दिसले नव्हते.

शेवटी शीर्षकाचं काय?
सोड चितिरिया मायवर, काकी म्हणाली.
चिंध्यांचीही एक देवी असते आमच्याकडे,
तिला बरंच काही सोपवलेलं असतं.
मी रकान्यात एक आडवी रेघ मारली.

पाटण्याच्या हॉलात सुजनी भिंतीवर टांगलेली.
वाळत घातल्यासारखी दिसते, काकी पुटपुटली.
लोक येत होते, बकरी दाखवत होते एकमेकांना,
कोंबडा सगळ्यांना आवडत होता.
मग साडेचारच्या सुमाराला वीज गेली.
छतावरचे सपाट दिवे विझले
आणि पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप
भिंतीला घासत आली.

पाणी उठलं.
ओळ न् ओळ, पाठीवर वळ उठावेत तशी,
थेट ताडपत्रीपर्यंत.
चहाचा कप घेतलेला एक माणूस
नकळत पाऊलभर मागं सरला.
बकरीबद्दल कुणी बोलेना.

काकीचं तिकडं लक्षच नव्हतं.
तिनं चपला काढल्या, पुढं गेली,
हात लावू नका म्हणणारा शिपाई
जनरेटरपाशी होता,
डाव्या कोपऱ्यात खाली, पाचव्या की सहाव्या ओळीवर
तिनं बोट ठेवलं, जिथं टाके जरा
लांब झाले होते, तिरके.
आणि मला खुणेनं बोलावून म्हणाली,
हे बघ,
इथं मला डुलकी लागली होती.